बिनआवाजाची गाडी

चष्मेवाल्याला सगळी गल्ली भोंगा म्हणायची, अर्थात त्याच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दुकानात हा माणूस अगदी लोण्यासारखा. एखाद्या म्हातारीच्या कानामागे चष्म्याची काडी नीट बसावी म्हणून चार वेळा वाकायचा, "टोचत नाही ना, आजी?" असं विचारायचा. पण गाडीत बसला की त्याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. हॉर्नवरचा हात निघायचा नाही, सिग्नलला उभं राहूनही इंजिन गुरगुरत ठेवायचा. सीटखाली चाकं खोलायचा लोखंडी पाना असायचा. चाक मात्र त्याने जन्मात कधी बदललं नव्हतं.

त्या आठवड्यात पेट्रोलचा तुटवडा होता. पंपावर रांग पार वळणापर्यंत गेली होती आणि माणसं उन्हात तापून करपली होती. तेवढ्यात एक व्हॅनवाला बाजूने आला आणि चष्मेवाल्याच्या पुढे घुसला. चष्मेवाला उतरला, त्याने व्हॅनचं दार उघडलं आणि आतल्या माणसाला कॉलर धरून बाहेर ओढलं. पहिला ठोसा नाकावर बसला. व्हॅनवाल्याने हातातला पत्र्याचा डबा फिरवला, तो चष्मेवाल्याच्या भुवईवर लागला. मग दोघेही तेलकट जमिनीवर लोळले. रांगेतली माणसं रांग न सोडता बघत होती, कारण सोडली तर नंबर गेला असता. शेवटी व्हॅनवाला दात थुंकत मागे सरकला.

चष्मेवाला गाडीत येऊन बसला. भुवईतून रक्त गळत होतं, तरी स्वारी खुशीत होती. "बघितलंस? कसा सरळ केला."

शेजारच्या सीटवर त्याची मुलगी होती, चौदा वर्षांची. तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. ते खाली घेऊन तिने पोहण्याची पिशवी उचलली आणि दार उघडलं.

"मी चालत जाते, बाबा."

त्या दिवसापासून ती त्याच्या गाडीत बसली नाही. बोलायची, हसायची, भुवईची पट्टीसुद्धा बदलून द्यायची. शाळेला मात्र बसने जायची. मुलीची आई गेल्यापासून सकाळचा तो गाडीतला अर्धा तास हीच बापलेकीची बोलायची जागा होती. मैत्रिणींची भांडणं, गणिताच्या बाईंची नक्कल, आईच्या आठवणी, सगळं तिथेच निघायचं. आता शेजारची सीट रिकामी आणि गाडीत नुसता आवाज.

त्याची मोठी बहीण खालच्या मजल्यावर राहायची. हॉस्पिटलमध्ये मोडल्या हाडांना प्लास्टर घालायचं तिचं काम. तिच्याकडे तो रडगाणं घेऊन गेला.

"ताई, दोष त्या रांगेचा आहे. रांग नसती तर भांडण झालंच नसतं. मी आता हायब्रिड घेतो. पेट्रोल कमी लागतं, पंपावर जाणं कमी. भांडणाचं मूळच गेलं."

"असं का? मग गेल्या वर्षी पार्किंगवरून वॉचमनच्या थोबाडीत मारलीस, तेव्हा पण पेट्रोलच संपलं होतं वाटतं?"

"तू नको ते उकरून काढू नकोस."

"बरं बाबा, घे. गाडीने माणूस शहाणा होत असेल तर दोन घे."

शोरूममधली विक्रेती चांगली बोलकी होती. लोक हायब्रिड का घेतात, ते तिने हौसेने सांगितलं. कुणाला लांबचा पल्ला मारायचा असतो आणि मध्येच चार्जिंग संपायची धास्ती नको असते. कुणाच्या घरी दम्याचं माणूस असतं. कुणी शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतो, पण सांगताना पर्यावरण सांगतो. "हळू चालवलीत की बॅटरीवर चालते, आवाज म्हणून नाही. जोरात पाय दिलात की पेट्रोलवर जाते. आणि ब्रेक लावला की बॅटरी भरते. तुम्हाला कशासाठी हवी, सर?"

"मुलगी शेजारी बसावी म्हणून," चष्मेवाला म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

गाडी आली. ताईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "थांबलं की भरते अशी वस्तू तू घेतलीस, हेच नवल. पण हिच्यात दोन इंजिनं आहेत. तुझ्यात एकच, आणि ते कायम चालू."

मुलगी बसायला तयार झाली, पण मागेच. आणि अटी घालून. हॉर्न वाजवायचा नाही, भांडायला खाली उतरायचं नाही, पाना घरी ठेवायचा. चष्मेवाल्याने तिन्हींना मान डोलावली. पाना तेवढा, असू दे आपला, म्हणून नव्या सीटखाली सरकवला.

गोदामांमागच्या अरुंद गल्लीतून गाडी निघाली, अगदी बॅटरीवर, मांजरीच्या पावलांनी. मुलीने हळूच विचारलं, "चालू आहे ना?" दोघंही हसले. किती दिवसांनी!

पुढे एक माणूस रस्त्याच्या मधोमध चालला होता. त्याने डोक्यावर लाकडी खुर्ची उलटी घेतली होती, पाय आभाळाकडे, आणि दोन्ही हातांनी ती धरली होती. खुर्च्या विणणारा कारागीर होता तो. बैठकीखाली डोकं, तोंडापुढे खुर्चीची पाठ, त्यामुळे त्याला फक्त स्वतःच्या चपला दिसत असाव्यात. तो आपल्या तंद्रीत चालला होता.

चष्मेवाल्याने वाट पाहिली. माणूस सरकेना. अजून जवळ नेली, तरी सरकेना. इतकी वर्षं इंजिन गुरगुरलं की माणसं भिंतीला चिकटायची. हा मेला वळूनसुद्धा बघत नाही? मुद्दाम करतोय.

"बाबा, वाजवा हॉर्न. एकदा चालेल," मुलगी म्हणाली. तिला त्याच्या मानेची ताठलेली शीर दिसत होती.

पण त्याला आता काही ऐकू येत नव्हतं. तो उतरला तो पाना घेऊनच. मागून खुर्चीचा पाय धरून त्याने हिसका दिला. कारागीर भेलकांडला, आणि वळायच्या आत त्याच्या हातावर पाना बसला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. कारागीर गुडघ्यांवर पडला, खुर्ची त्याच्या पाठीवर.

"गाडीपुढे मिरवतोस? माजलास?"

"गाडी?" कारागीर वेदनेने कळवळत इकडेतिकडे बघू लागला. "कुठली गाडी?"

पाना पुन्हा वर गेला. तेवढ्यात मुलगी धावत आली आणि कारागिराच्या डोक्यावर ओणवी झाली. या वेळी तिने स्वतःचे कान झाकले नव्हते. परक्या माणसाचं डोकं झाकलं होतं. पाना तिच्या वेणीपासून वितभर अंतरावर थांबला.

"बाबा, त्यांना ऐकूच आलं नाही. गाडीला आवाजच नाही."

चष्मेवाल्याने मागे पाहिलं. गाडी दार उघडं टाकून उभी होती, चालू, आणि गप्प. त्याच्या हातातून पाना गळून पडला.

हॉस्पिटलात ताईनेच प्लास्टर घातलं. भावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कारागीर दात आवळून बसला होता. मग म्हणाला, "साहेब, काच खाली करून 'बाजूला व्हा' म्हणायचं होतं. झालो असतो की."

"ऐकलंस?" ताई पट्टी गुंडाळत म्हणाली. "हॉर्न वाजवायचा नव्हता, इंजिन गप्प होतं, पण तोंड तर होतं? रांग नव्हती, पेट्रोलचा तुटवडा नव्हता, घुसलेला व्हॅनवाला नव्हता. मग हे हाड कुणी मोडलं? रोज माझ्यापुढे हेच येतं बघ. याने कट मारला, त्याने डोळे वटारले. मारणारा प्रत्येक जण म्हणतो, त्याने मला मारायला लावलं. अरे, तुझा हात दुसऱ्याच्या खांद्याला जोडलाय का?"

चष्मेवाला उठला. पाना कागदात गुंडाळला आणि स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन टेबलावर ठेवला. जामीन मिळाला, पुढे खटला रीतसर चालला, शिक्षाही रीतसर झाली. पण त्याआधी, कारागिराचा हात गळ्यात असताना, खुर्च्या गिऱ्हाइकांकडे कोण पोचवणार? चष्मेवाला म्हणाला, मी. गाडीच्या डिकीत बॅटरीमुळे जागा कमी, खुर्ची काही मावेना. मग तीही त्याने डोक्यावर घेतली. कारागीर आणि मुलगी बरोबर चालत.

त्याच गल्लीत एकदा मागून इंजिन गुरगुरलं, हॉर्न कोकलला. चष्मेवाला जागीच थांबला. डोक्यावर लाकूड, समोर फक्त चपला, कुठे सरकायचं तेच कळेना. उतरलेल्या तरुणाने त्याला धक्का दिला आणि वर एक ठोसा तोंडावर मारला. ओठ फुटला.

चष्मेवाल्याने खुर्ची हळूच खाली ठेवली. "दिसत नव्हतं हो मला. या, जा पुढे," एवढंच म्हणाला आणि दोन्ही हात खिशात घालून भिंतीला लागून उभा राहिला. तरुण क्षणभर गोंधळला आणि गाडी घेऊन निघून गेला.

"साहेब, तुमचे दोन्ही हात धड होते की," कारागीर म्हणाला.

"म्हणून तर खिशात घातले," चष्मेवाला रक्त पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीत बसला, तर शेजारचं दार उघडलं. मुलगी पोहण्याची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. "चला, उशीर होतोय."

गल्लीत एक आजोबा मधोमध चालले होते. चष्मेवाल्याने ब्रेक लावला, काच खाली केली. "आजोबा, जरा बाजूला होता का?"

"अरेच्चा, गाडी होय!" म्हणत आजोबा हसून सरकले. मुलीनं गणिताच्या बाईंची नक्कल सुरू केली.

मंडळी, गाडी तुम्ही कुठल्याही कारणाने घ्या. पेट्रोल वाचवा, हवा वाचवा, शेजाऱ्याला जळवा. पण माणूस बदलायचं काम गाडीवर सोपवू नका, ते शोरूममध्ये मिळत नाही. रस्त्यात पुढे चालणाऱ्याच्या डोक्यावर काय ओझं आहे, ते आपल्याला मागून दिसत नसतं. म्हणून आधी थांबा. थांबल्याने काही संपत नाही, उलट भरतं. आणि मग काच खाली करून तोंडाने सांगा.