एका फिकट पिवळ्या खळग्याचा संशय

"ह्या म्हाताऱ्याला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो!" तपासणी करणारी ताई माझ्या झाकणावर टिचकी मारत पुटपुटली.

म्हातारा म्हणजे मीच, मित्रांनो. रक्त तपासण्याच्या खोलीतला जुना रीडर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र. आणि ताईचं खोटं नव्हतं. संशय घेण्यासाठीच तर मला बनवलंय.

माझ्या पोटात बारीक खळग्यांची एक प्लेट सरकवतात. एकेका खळग्यात एकेका माणसाच्या रक्तातलं नितळ पाणी. त्यात एचआयव्हीच्या विषाणूचा अंश असला, किंवा त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं असली, की खळगा पिवळा होतो. तो पिवळा किती गडद, ते मी सांगतो. विषाणूचं नाव घ्यायला मला काही वाटत नाही. माणसं मात्र 'ते' म्हणतात, आणि म्हणताना दाराकडे बघतात.

मी नवा होतो तेव्हा माझ्यावर शिवलेलं कापड असायचं. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असं पाहुण्यांना सांगायचे. पुढं नवी यंत्रं आली, कापड त्यांच्याकडे गेलं. आता माझ्या डोक्यावर हातमोज्यांचं खोकं असतं.

तर त्या दिवशी एक खळगा फिकट पिवळा झाला. रक्त होतं कपडे शिवणाऱ्या एका गरोदर बाईचं. सुरुवातीच्या महिन्यांतली तिची तपासणी स्वच्छ आली होती, म्हणून तर सगळे बुचकळ्यात पडले.

"तू नळ्यांची अदलाबदल केलीस," ताई रक्त काढणाऱ्या भाऊंना म्हणाली.

"मी? तूच प्लेट धुताना गप्पा मारत असशील!"

ताईनं पुन्हा तपासलं. पुन्हा पिवळा. मग खात्रीची दुसरी चाचणी केली. त्या चाचणीनं साफ 'नाही' म्हटलं.

"बघा, म्हातारा चळलाय. गरोदरपणात कधी कधी उगाच पिवळं दिसतं," ताई म्हणाली. खोलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र त्या 'नाही'चाच संशय आला. ती चाचणी फक्त प्रतिपिंडं शोधते. चोर घरात शिरलाय, पण घरच्यांना अजून जागच आलेली नाही, असं असेल तर?

सुदैवानं डॉक्टर मॅडमनाही तेच वाटलं. "घाई नको गं," त्या म्हणाल्या. "लागण ताजी असली तर हा आधी ओरडणार आणि दुसरी चाचणी गप्प बसणार. नवं रक्त मागव. थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला पाठवू. वेळेत कळलं तर बाळ वाचेल."

मित्रांनो, माझा संशय म्हणजे निकाल नव्हे. कितीतरी वेळा तो फोल ठरतो, आणि तसा ठरला की मलाच बरं वाटतं. पण कुणी हटकलं, तर हटकणारा जुना आहे म्हणून त्याला हसण्यावारी नेऊ नका. पुढची चाचणी करा. आणि अधूनमधून माझी काचही पुसा.

तिसऱ्या चाचणीत विषाणू सापडला.

निकाल ऐकायला बाई नवऱ्याबरोबर आमच्या खोलीत आल्या. मॅडमनी ताईला आणि भाऊंना बाहेर पाठवलं. बाईंना विचारलं, "यांच्यासमोर बोलू?" बाईंनी होकारार्थी मान हलवली. नवरा शेजारीच बसला होता. आणि नेमक्या तेव्हा मॅडमचीच जीभ अडखळली.

"म्हणजे रक्तात जरा... अजून अगदी सुरुवात आहे, औषधं चांगली आहेत..."

"ते यंत्र जुनं आहे म्हणे," नवरा माझ्याकडे बघत म्हणाला. बायकोकडे बघायचं तो टाळत होता.

बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कापडातली खोट शोधावी तशा. मग पोटावर हात ठेवून सरळ बसल्या.

"किती आडून बोलता हो तुम्ही दोघं! मला एचआयव्ही झालाय. बाळाला होऊ नये म्हणून आजपासून काय घ्यायचं ते सांगा. आणि यांचंही रक्त आत्ताच काढा."