वाकळेच्या कोपऱ्यातली ज्वारी

पातेल्यावरचं झाकण खणकन पडलं आणि मांडीवर पेंगुळलेली मुक्ता दचकली. तिला थोपटत मी झाकण उचललं. स्टीलचं हे पातेलं मी बोहारणीकडून घेतलं होतं, दोन जुनी लुगडी आणि आईची वाकळ देऊन. वाकळ विरली होती, अन् शेजारणीच्या फळीवरचं स्टील माझ्या डोळ्यांत भरलं होतं.

तीच वाकळ आज दुपारी भिंतीवर टांगलेली पाहिली.

लष्कर भागातलं जुनं चर्च बरीच वर्षं बंद होतं. यंदा, शहात्तर साली, तिथं चित्रांची गॅलरी झाली. मुक्ताला रंगीत काचा बघायच्या होत्या म्हणून गेलो. जिथं पाद्री उभा राहायचा, तिथं दिव्याच्या झोतात वाकळ!

"आई, माझी वाकळ!" मुक्ता धावली.

"ए पोरी, हात लावू नको," राखणदार ओरडला.

खाली पाटी होती: 'भूक. कलाकार: हिंदुराव सरनाईक.'

कलाकार शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "साहेब, ही माझ्या आईनं शिवलीय. केराबाईनं."

ते हसले. "बाई, अशा वाकळा घरोघरी असतात. ही मी जुन्या बाजारात घेतली."

"असत्यात की. पण कोपऱ्यात ज्वारीची पुरचुंडी कुणाच्या असती? पांघरणारं उपाशी झोपू नये म्हणून आई शिवायची."

त्यांचं हसू मावळलं. "होती खरी. कीड लागेल म्हणून काढून टाकली."

"दाणे काढले अन् वर 'भूक' लिवलं व्हय? आता तिचं नाव लिवा."

"पाटी छापून झालीय. आणि वाकळ शिवणं वेगळं, कलाकृती वेगळी."

"व्हय की! टांगायला लई अक्कल लागती. आमी आपलं नुसतं पांघरतो."

राखणदार फिसकन हसला. मी अभिप्रायाच्या वहीची पेन्सिल उचलली आणि पाटीखाली, पांढऱ्या भिंतीवर, ठळक लिहिलं: केराबाई. साहेबांनी राखणदाराला ओलं फडकं आणायला लावलं. त्यानं घासलं, तसं काळं पसरत गेलं. मुक्ताला कडेवर घेऊन मी ताठ मानेनं बाहेर पडले.

झाकणाच्या आवाजानं मुक्ताची झोप उडाली होती. आता माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,

"आई, तुला आजीची वाकळ नको होती का?"