राहून गेलेलं पाणी

आम्ही अमेरिकेतले सेनेका आदिवासी. आमच्या लांबघरात, म्हणजे सणासमारंभाच्या सभाघरात, कुठलंही कार्य आभारांशिवाय सुरू होत नाही. माणसं, धरती, पाणी, मासे, मका, वारा, चांदण्या, एकेकाचे आभार. तेही आमच्या भाषेत आणि तोंडपाठ. वीस वर्षं हे काम माझा धाकटा भाऊ एव्हरी करतोय. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. परत आली, पण अर्धीमुर्धी.

"मक्याच्या सणाला जमलं नाही ना ताई, तर मी पुन्हा उभा राहणार नाही."

"नको राहूस. घरी बसून माझं डोकं खा," मी म्हटलं. पण सहा महिने रोज, साल सुटावी म्हणून राखेच्या पाण्यात मका उकळताना, मीच त्याच्याकडून ते घोकून घेतलं. मेला माझ्यावर चिडायचा, मी त्याच्यावर.

सणाच्या सकाळी तो उभा राहिला. प्रत्येक आभाराला बाकांवरून "न्योह" असा हुंकार येतो. माणसं झाली, न्योह. धरती झाली, न्योह. मग थेट मासे! अरे देवा, पाणी कुठे गेलं? मध्येच टोकायची आमच्यात रीत नाही. लोकांनी माशांनाही तेवढ्याच जोरात हुंकार दिला.

शेवटी वक्ता म्हणतोच, "काही राहिलं असेल तर चूक माझी. ज्याने त्याने मनात भर घालावी." एव्हरीनेही म्हटलं. एरवी त्यावर लगेच न्योह येतो. त्या दिवशी सगळे गप्प. शंभरेक माणसं माना खाली घालून पाण्याचे आभार मानत होती. मग सावकाश न्योह आला, तेव्हा त्याला कळलं.

बाहेर चुलीपाशी येऊन तो मटकन बसला. "संपलं, ताई. पाणीच विसरलो."

"म्हणून काय तहानलेला राहणार?" रस्सा ढवळणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्लिनाने त्याच्या हातात पाण्याचा पेला कोंबला.

त्या पेल्याकडे बघता बघता तो बोलायला लागला. झरे, ओढे, नद्या, एक शब्द चुकला नाही. चुलीपाशी रांधणाऱ्या बायकांचे डाव जागीच थांबले. "न्योह!" सगळ्या म्हणाल्या. मी सगळ्यांत मोठ्याने, रडत.

"पुढच्या सणाला उभा राहतो," पाणी पिऊन तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तुझे आभार राहिलेच की गं."

"चूक तुझी," मी डोळे पुसले. "भर मी मनात घातली."