शेवग्यावरचा डबा

तेलाचा रिकामा डबा, चौकोनी, पंधरा किलोचा.

किसनच्या उजव्या हाताची करंगळी पहिल्या पेरापाशी संपते.

रेशनवर पुन्हा लाल मिलो आला, अमेरिकेची ज्वारी. भाकरी थापली की फुटते.

विहिरीच्या काठापासून सात पावलं.

मंजुळाबाईंच्या कुरडया, दोन खाटा भरून.

गुरुवार.

हे सगळं एका दोरीत ओवायचं तर गुरुवारपासून सुरुवात करावी लागेल. साल त्र्याहत्तर, एप्रिल. कासारवाडीत नानासाहेबांच्या दहा खोल्यांची चाळ, मागं सामाईक परस, परसात एक शेवगा आणि एक नळ. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून किसन घरी होता. त्याच्या बायकोनं, सोजरबाईनं, डबा त्याच्यापुढं आदळला.

"ह्याला चारी बाजूंनी खिडक्या पाडून द्या."

"कशाला गं?"

"पाखरांना. परवा नळाखाली चिमणी मेलेली घावली. चोच उघडी होती."

"माणसं मिलो खायला लागली, अन् तुला पाखरांचं पडलंय."

"मिलोच घालणार हाय. पाखरं तुमच्यासारखं नाक मुरडत न्हाईत."

किसन प्रेस शॉपमधला. पत्रा कापणं त्याच्या हातातलं, आणि त्या कामानं त्याच्या हातातलं काय नेलं ते वर आलंच आहे. त्यानं खिडक्या पाडल्या, कडा पक्कडीनं आत दुमडल्या, वरून कानस फिरवली आणि स्वतःचा अंगठा कडेवरून ओढून पाहिला. "आता पाय कापायचा न्हाई कुणाचा," म्हणाला. सोजरबाईनं तळाला खिळ्यानं भोकं पाडली, सायकलच्या जुन्या तारेनं डबा शेवग्याला टांगला. शेजारी शिंक्यात मातीचा परळ, पाण्याचा.

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक चिमणी आली, आणि मग गावभर बोभाटा झाल्यासारखी सगळीच. साळुंक्या तर भांडायलाच यायच्या.

शेजारच्या खोलीत मंजुळाबाई आणि रंगराव. रंगराव किसनच्याच खात्यात, किसनच्याच पाळीला. मंजुळाबाई वाईट बाई नव्हत्या. सोजरबाईच्या पोरीला गोवर निघाला तेव्हा कडुनिंबाचा पाला त्यांनीच आणून दिला होता. उंबऱ्याबाहेर ठेवला होता. नळावर सोजरबाईचा हंडा भरून झाला की त्या नळ धुऊन घेत आणि मग आपला हंडा लावत. नळाला पाणी तासभर, वर दुष्काळ, तरी नळ धुवायला तांब्याभर निघायचंच. सोजरबाई ते दोन वर्षं बघत होती आणि दात आवळून हंडा उचलत होती. खोली मिळाली होती, तेच पुष्कळ होतं.

आठवड्यानं मंजुळाबाई परसात आल्या.

"सोजरबाई, तेवढा डबा दुसरीकडं टांगा की."

"का वो?"

"पाखरं तुमच्या परळातलं पाणी पितात अन् उडून आमच्या कुरडयांवर बसतात."

"खातात का कुरडया?"

"खाण्याचं न्हाई वो. कळतंय की तुम्हाला."

कळत होतं. पण आज ते बाईच्या तोंडातूनच बाहेर काढायचं, असं सोजरबाईनं ठरवलं.

"न्हाई कळत. सांगा."

"वाळवण वर्षभराचं असतं. देवाच्या पानातसुद्धा तेच जातं. अन् पाखरांची चोच ओली असती." मंजुळाबाईंनी पदर सारखा केला. "रीत हाय ती. मी काय केली का?"

"म्हणजे आमचं पाणी चोचीतनंबी बाटवतंय?" सोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंजुळाबाई, तुमचे रंगराव अन् आमचे हे एका कॅन्टीनला, एका बाकावर, एकाच जगमधलं पाणी पितात. सांच्याला रंगराव घरी आले की त्यांना कुठं वाळत घालता?"

दोन दारांतून हसू आलं. मंजुळाबाई लालबुंद होऊन आत गेल्या, आणि तक्रार नानासाहेबांकडं गेली.

नानासाहेब गुरुवारी आले. पाय दुखतो म्हणत खुर्ची मागवली, खुर्ची रंगरावांच्या घरातून आली.

"हे बघ किसन. मला तसलं काही न्हाई, मी सगळ्यांत बसतो. पण चाळीत कटकट नको. येत्या गुरुवारपर्यंत डबा उतरव, न्हाईतर दुसरी खोली बघ."

दुसरी खोली! किसननं या खोलीआधी सांगवीत दोन आणि पिंपरीत तीन बघितल्या होत्या. खोली रिकामी असायची. मग मालक नाव विचारायचा, मग आडनाव, मग त्याला आठवायचं की खोली कालच गेली. नानासाहेबांची पाठ वळताच किसननं पक्कड उचलली आणि तारेला हात घातला.

सोजरबाईनं त्याचं मनगट धरलं.

"हात काढा."

"अगं, पोरीला घेऊन कुठं जाऊ? डबाच हाय तो."

"नळ धुतात तेव्हा मी गप बसले. पाला उंबऱ्याबाहेर ठेवला, गप बसले. बार्शीकडं आमच्या गावात पाटलाची विहीर होती. काठापासून सात पावलं लांब उभं राहायचं, घागर खाली ठेवायची. कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. मी दहा वर्षांची होते अन् ती सात पावलं डोळे मिटून मोजायची. डबा उतरवला ना, तर मी पुन्हा तिथंच जाऊन उभी राहीन, बघा."

 किसननं पक्कड खिशात घातली, पण दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. त्याला हातची खोली जाताना दिसत होती.

मंगळवारी किसन पाळीवर असताना तिनं एकटीनं दुसरा डबा कापला. पत्र्यानं तळहात चिरला. कडा वेड्यावाकड्या झाल्या. हा डबा तिनं परसात नाही, पुढच्या दारी, रस्त्यावरून दिसेल असा टांगला.

गुरुवारी नानासाहेब आले ते दारातच थबकले.

"एक काढायला सांगितला, तर दोन?"

"दुसरा तुम्ही सांगितलं म्हणून." सोजरबाईनं पोरीच्या वहीचं पान आणि पेन्सिल त्यांच्यापुढं धरली. "खोली सोडते, नाना. फक्त एवढं लिहून द्या."

"काय लिहू?"

"खोली रिकामी करा, कारण पाखरं बाटली. खाली सही, तारीख."

"कागद कशाला?"

"युनियनच्या फळ्यावर लावायला. पहिल्या पाळीला अख्खा कारखाना तो फळा वाचतो. अन् एक नक्कल चौकीत. शिवाशिवीचा कायदा हाय नाना, पंचावन्न सालचा."

नानासाहेबांना नगरपालिकेच्या येत्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, हे कासारवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी पेन्सिल हातात घेतली. कागदाकडं पाहिलं. डब्यावर बसलेल्या चिमणीकडं पाहिलं. चिमणीनं शिटून घेतलं.

"पाखराचं काय एवढं मनावर घ्यायचं, मंजुळाबाई?" असं भलत्याच दिशेला ओरडून ते चालू पडले. पेन्सिल घेऊनच गेले.

किसन आतून आला. हातात कानस होती. तो खाली बसला आणि दुसऱ्या डब्याच्या वेड्यावाकड्या कडा घासू लागला. "पाय कापले असते कुणाचे," एवढंच म्हणाला.

मंजुळाबाईंनी हार मानली नाही. त्यांनी शेवग्याच्या दुसऱ्या फांदीला आपलं तांब्याचं ताम्हण टांगलं, त्यात धुतलेले तांदूळ, शेजारी वाटीत पाणी. आपल्याकडं पिऊन जी पाखरं येतील ती शुद्ध, असा हिशेब. सकाळी एक साळुंकी आली. तिनं ताम्हणातला तांदूळ टिपला, परळात उतरून मनसोक्त अंघोळ केली, वाटीतलं पाणी प्यायली, आणि थेट कुरडयांवर बसून पंख झटकले.

"मंजुळाबाई," सोजरबाईनं हाक मारली, "ही तुमची का आमची?"

 साळुंकी बराच वेळ बसली. कुणी हुसकली नाही.

पाटलाच्या विहिरीत आतल्या दगडांच्या सांदीत पारव्यांची घरटी होती, आणि ते त्याच विहिरीचं पाणी पीत.