दक्षिण-वारा

स्क्रीनवरची लाल रेघ शून्यापाशी किंचित रेंगाळली होती आणि मग सरळ खाली उतरली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अडीचशे किलोमीटर उंचीवरचा वारा संध्याकाळी एरवी उत्तरेला, ध्रुवाकडे वाहतो. काल त्याने पाठ फिरवली होती. सूर्यावरून आलेल्या झोताने पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात वादळ उठलं, ध्रुवाजवळची वरची हवा तापली आणि विषुववृत्ताकडे धावत सुटली. ही उलटी चाल टिपायला ती कित्येक वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

तिने खालच्या मजल्यावर फोन लावला. तिथे हवामानवाला बसायचा. पाऊस, धुकं, ऊन त्याच्या ताब्यात. "दक्षिण-वारा मिळाला," एवढं सांगून तिने फोन ठेवला.

गेल्या हिवाळ्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. माणूस आवडत होता. पण संसाराच्या रगाड्यात आपलं काम कोपऱ्यात पडेल, ही धास्ती जात नव्हती. मावशी रोज फोनवर विचारायची, "बघून झालं का गं?"

ती जिना उतरली आणि रोजचा अंदाज लिहायच्या फळ्यापाशी थबकली. तो खडू घेऊन बाजूलाच उभा होता. फळ्याच्या मधोमध ठसठशीत अक्षरं होती: 'अभिनंदन. वरचा वारा काल दक्षिणेकडून आला.'

"उलटं लिहिलंयस," ती म्हणाली. "वारा दक्षिणेकडे गेला."

"तूच म्हणालीस, दक्षिण-वारा."

"म्हणजे दक्षिणेला जाणारा."

"आम्ही खालचे लोक वाऱ्याला माहेरचं नाव लावतो. कुठून आला ते."

"आणि आम्ही वरचे सासरचं. कुठे चालला ते."

तो खडू बोटांत फिरवत राहिला. "एका इमारतीत ही तऱ्हा. उद्या आपल्या पोरांनी पतंग उडवायचा तरी कुठल्या वाऱ्यावर?" मग त्याने जीभ चावली. "म्हणजे, कुणाच्याही पोरांनी."

तिला हसू आवरेना. हसता हसता तिची नजर फळ्याच्या खालच्या टोकाला गेली. त्याचा स्वतःचा पावसाचा अंदाज तिथे बारीक अक्षरांत, अंग चोरून बसला होता.

"हे असं कोपऱ्यात का?"

"पाऊस काय, रोजचाच आहे. तुझा वारा मावायला नको?"

तिने त्याच्या हातातला खडू घेतला. 'दक्षिणेकडून आला' पुसून 'दक्षिणेकडे गेला' असं नीट लिहिलं, बोटं पदराऐवजी त्याच्याच बाहीला पुसली आणि म्हणाली,

"बघून झालं माझं. लग्न करू या."