वीराचे चित्र आणि वीर

खरा वीर कधीच मरत नाही. मठातल्या हिरासे मोतोकागेच्या चित्राच्या माथ्यावर महंतांनी ठसठशीत अक्षरांत तसे लिहून ठेवले होते आणि ते तंतोतंत खरे होते. कारण खुद्द मोतोकागे त्या चित्राखाली उभा राहून शिंकत होता.

लढाईत घोडा अंगावर पडला. शुद्ध आली ती शत्रूच्या कैदेत. मग मिठागरात मीठ ओढत वर्षे गेली आणि तह झाल्यावर सुटका झाली. घरी जाण्याआधी मठात डोकवावे, आपल्या नावाने कोणी उदबत्ती लावत असेल तर थांबवावी, एवढाच त्याचा बेत होता. पण चित्रातला माणूस त्याच्या ओळखीचा निघेना. भरदार गाल, काळीभोर मिशी, कमरेला सोन्याच्या मुठीची तलवार. मोतोकागेच्या तलवारीच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली असे. चितारी भिक्षूने मोतोकागेला कधी पाहिलेच नव्हते. त्याने मोतोकागेच्या मुलाला समोर बसवून चेहरा उतरवला आणि वरून थोडे वय घातले.

महंतांचा निरोप मिळताच तो मुलगा, कागेतोकी, आला. आधी चित्राला वाकला, मग बापाला कोपऱ्यात घेऊन गेला. वीरमरणाबद्दल सरदारांनी तळ्याकाठचे गाव इनाम दिले होते. बाप जिवंत निघाला तर गाव परत जाणार, आणि वर शत्रूच्या हाती जिवंत सापडल्याची नामुष्की.

"मी मेलो नाही, यात माझा काय दोष?"

"दोष कोण देतंय, बाबा? तुम्ही गेलात म्हणून घर सावरलं, एवढंच म्हणतोय."

मोतोकागेने बायकोची चौकशी केली. तिने केस उतरवून दीक्षा घेतली होती. दर महिन्याला येऊन ती चित्रापुढे तासभर बोलत बसे.

"आई म्हणते, हे हल्ली फार छान ऐकून घेतात."



नाव बदलून त्याने मठातच झाडलोटीला राहावे, असे ठरले. इनामातला तांदूळ मठालाही येत असल्याने महंतांना यात परमार्थच दिसला. चित्रापुढे रोज वाडगाभर भात ठेवत, तो त्याने खायला कोणाची हरकत नव्हती.

"बरं," मोतोकागे म्हणाला. कागेतोकीने जमिनीला कपाळ टेकले, या खेपेला बापापुढे. बापाने विचारले, "स्वयंपाकघरात एक निरोप देशील?"

"सांगा ना, बाबा."

"भात जरा गरम असताना ठेवा म्हणावं. आणि मुळ्याचं लोणचं नको. दात राहिले नाहीत."