मधली वीत

मुलांनो, उजवा हात खाली सैल सोडा. आता तो बाजूने हळूहळू वर न्या. सुरुवातीला काही होत नाही. खांद्याच्या पातळीजवळ आला, की कोणीतरी सांध्यात दाभण खुपसतंय अशी कल्पना करा. तरी हात तसाच रेटा. कानाजवळ पोचला की दाभण गायब, जणू काही झालंच नव्हतं. खाली आणताना मधल्या त्याच वितीत पुन्हा कळ. आता हातात आकडा लावलेली लांब काठी धरा, आकड्याला एक फ्रॉक अडकवा आणि चेहरा हसरा ठेवा. जमलं? मग तुम्ही रघू झालात.

रघू डोंबिवलीत लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात बावीस वर्षं काम करत होता. दुकान बोळासारखं अरुंद, म्हणून फ्रॉक पार छतापर्यंत टांगलेले. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, रघूने काठीने काढून द्यायचं. नाही आवडला, तर पुन्हा वर.

दोन महिने कळ सोसून तो शेवटी पालिकेच्या दवाखान्यात गेला. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या कृतिका मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं.

"काका, हे खांद्यावरचं हाड. छप्पर समजा. त्याच्याखालून ही दोरी जाते, हात उचलणारी. तुम्ही दिवसभर हात वर करता, ती छपराला घासते. घासली की सुजते. सुजली की जागा अजून कमी, मग अजून घासते."

"मग छप्परच जरा वर घ्या ना, मॅडम."

त्या हसल्या. "ते अगदी शेवटी, दुसऱ्या कशाने नाहीच गेलं तर. आधी बर्फाने शेका. कोपर कुशीला चिकटवून ही रबरी पट्टी बाहेर ओढायची, रोज, सावकाश. आणि सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. बहुतेक खांदे असेच बरे होतात, काका. पण काम थांबलं तर."

रघूने पट्टी टिटवाळ्याच्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधली. व्यायाम एकही दिवस चुकवला नाही. सकाळी पट्टी जे कमवायची, ते दिवसभरात काठी घालवायची.

शेवटी एका रविवारी शटर वर जाताच तो मालकासमोर, हितेशशेठसमोर उभा राहिला.

"शेठ, सहा आठवडे मला खाली घड्या घालायला बसवा. फक्त सहा. मग बघा, होतो पहिल्यासारखा."

"हात वर कर बघू."

रघूने डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू दिला, मधली वीत ओठ चावून ओलांडली. हात वर गेला.

"आता दुखतोय?"

"आता नाही, शेठ. वर गेल्यावर नाही दुखत. मधेच दुखतो."

"मधेच?" शेठने दुकानात कामाला असलेल्या पोरींकडे बघितलं. "अरे, हात आहे का लिफ्ट? दोन मजल्यांच्या मधे अडकायला?"

पोरी हसल्या. हसणं भागच होतं.

"आजचा रविवार नीट काढून दाखव. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो. काय?"

"हो, शेठ." त्रेपन्न वर्षांच्या माणसाला दुसऱ्या दुकानात कोण ठेवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी समृद्धी आपल्या पाच वर्षांच्या सान्वीला घेऊन आली. वाढदिवसाचा फ्रॉक हवा होता. सान्वीने निळा मागितला. रघूने काठी उचलली आणि मधल्या वितीत त्याचं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला.

सान्वी खुदकन हसली. "आई, बघ ना काका कसं तोंड करतात!"

गल्ल्यावरून शेठने मान वर केली. कळ दिसली तर नोकरी गेली. म्हणून गुलाबी फ्रॉक काढताना रघूने तेच तोंड मुद्दाम केलं, वर जीभही काढली.

"परत! परत करा ना!"

मग हिरवा. मग जांभळा. आजूबाजूची मुलं जमली. समृद्धीला जरा अवघडल्यासारखं झालं.

"सानू, बस हं. निळाच छान आहे. काकांना त्रास होतो."

"छे हो ताई, त्रास कसला!" रघू म्हणाला. शेठ बघत होता.

पाचव्या फ्रॉकला हात मधेच अडकला. वरही जाईना, खालीही येईना. डाव्या हाताने कोपर ढकलून त्याने तो वर लोटला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आई, काका हसून हसून रडायला लागले!"

अख्खं दुकान हसलं. सगळ्यात मोठ्याने रघू हसला.

"अरे वा रघू!" शेठने गल्ल्यावर थाप मारली. "इतकी वर्षं ही कला कुठे लपवलेली? घड्या कसल्या घालतोस? उद्यापासून वरची रांग तुझीच. पोरं खूश, गिऱ्हाईक खूश."

"हो, शेठ."

नोकरी राहिली. रघूने काठी भिंतीला टेकवली आणि खांदा दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

निळा फ्रॉक पिशवीत गेला. समृद्धी दारापर्यंत पोचली. सान्वी तिचा हात सोडवून धावत परत आली, रघूसमोर उभी राहिली. तिने एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि छताला टेकलेल्या पिवळ्या फ्रॉककडे बोट दाखवलं.